नो स्टॉपिंगच्या पाटीखाली आमचे व्याही

परक्या माणसाचा मान राखण्याच्या बाबतीत आमच्या व्याह्यांच्या तोडीचा गृहस्थ उभ्या सिडनी शहरात सापडणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. वेंटवर्थव्हिलच्या दुकानात ते वाकडी भेंडी निवडून घेतात. "सरळ काय, कुणीही नेईल," असे त्यांचे म्हणणे. शेजारी घरातल्या जुन्या वस्तू विकायला मांडतो त्या गराज सेलमध्ये संध्याकाळपर्यंत कुणी हात न लावलेली वस्तू ते विकत आणतात, का तर मालकाला वाईट वाटू नये. परिणामी, ज्या घरात कुणाला शिट्टीही वाजवता येत नाही, त्या घरात आज एक अ‍ॅकॉर्डियन आहे. बसमधून उतरताना इथे सगळेच ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात; व्याही मात्र बस वळणाआड होईपर्यंत हात हलवत उभे राहतात.

परंतु त्यांची सर्वांत महागात पडलेली सवय म्हणजे शववाहिका दिसताच थांबण्याची. गावाकडे अंत्ययात्रा निघाली की वाटेवरचा माणूस बाजूला होतो, चपला काढतो आणि हात जोडतो. व्याही हेच ब्लॅकटाउनच्या रस्त्यावर करतात. गाडी कडेला लावून उतरतात, बूट काढतात. बुटांना नाड्या असल्यामुळे या विधीला वेळ लागतो. असेच एकदा शाळेसमोर, नो स्टॉपिंगच्या पाटीखाली, ते मोज्यांवर हात जोडून उभे असताना त्यांना दंड झाला. याच कारणाने पूर्वीही झाला होता. आता लायसन्सवरचे उरलेसुरले पॉइंट जाणार आणि गाडी चालवणे काही महिने बंद होणार, अशी वेळ आली. विहीणबाईंच्या गुडघ्यांना बसची पायरी झेपत नाही. पेंडल हिलचा बाजार, देवळातले भजन, घराबाहेरचे त्यांचे सारे जग त्या गाडीच्याच भरवशावर.

"मेलेल्याला मान आणि जित्या बायकोला कोंडवाडा!" त्या नवऱ्यावर कडाडल्या आणि माझ्याकडे वळल्या. "व्याहीबुवा, आता तुम्हीच काय ते लिहा."

अर्जलेखनात माझा हात कुणी धरू शकत नाही. मसुदा माझा, त्याचे इंग्रजी माझ्या मुलीचे, म्हणजे त्यांच्या सुनेचे. "वाहन चालवीत असता अर्जदारास अकस्मात भोवळ आल्याकारणाने" अशी भारदस्त सुरुवात मी वाचून दाखवली. व्याह्यांनी चष्मा काढून ठेवला.

"भोवळ कुठे आली होती? मी चांगला ठणठणीत होतो."

झाले. माझे उत्तम वाक्य खोडावे लागले आणि खरे तेवढेच लिहून आम्ही कोर्टात दाद मागितली.

मॅजिस्ट्रेट बाईंनी अर्ज शांतपणे वाचला. "मृत व्यक्ती तुमच्या ओळखीची होती?"

"नाही, मॅडम. ओळखीची असती तर घरी जाऊन भेटलो असतो. अनोळखी माणसासाठी एवढेच करता येते."

मग बाई म्हणाल्या, "त्या जागी गाडी उभी राहिली, तर रस्ता ओलांडणारी लहान मुले दुसऱ्या चालकाला दिसत नाहीत. याचा विचार केला होता?"

व्याह्यांचा चेहरा उतरला. "नाही. तो करायला हवा होता."

दोष सिद्ध आहे, पण दंड होणार नाही, पॉइंटही जाणार नाहीत, असे बाईंनी सांगितले. मात्र यापुढे मनाई असलेल्या जागी थांबणार नाही, असा शब्द मागितला. व्याह्यांनी मागे वळून बाकावर बसलेल्या विहीणबाईंकडे पाहिले. मग "नाही थांबणार" असे म्हणाले, ते इतके हळू की बाईंना पुन्हा विचारावे लागले.

त्यानंतर महिन्याभराने मी त्या दोघांसोबत, गाडीत मागे बसून, बाजाराला चाललो होतो. हमरस्त्यावर समोरून एक शववाहिका आली. कडेला थांबायला जागा नव्हती. व्याह्यांचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले.

"तुम्ही पुढे बघा," शेजारी बसलेल्या विहीणबाई म्हणाल्या. "मी आहे ना."

आणि कण्हत, कशाबशा वाकून त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, आणि ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत दोघांच्या वतीने हात जोडले.