तीन युनिटं आणि क्रेडिटची वाटणी

आमच्या ऑफिसात दर मार्चला जुनी कागदपत्रं गठ्ठे बांधून माळ्यावर जातात. किस्से मात्र खालीच राहतात, आणि चहाला कुणी आलं की त्यात एखादा वाढतो!

आधी घरची माहिती देते. हेड ऑफिस बारामतीत, युनिटं तीन. सांगवीला दूध-तूप, शेळगावला गूळ पावडर, अंथुर्ण्याला पशुखाद्य. ऑडिट, जाहिरात, सिक्युरिटी, अशी तिघांची मिळून बिलं हेड ऑफिसच्या नावावर येतात. त्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट युनिटांना रीतसर वाटायचं, म्हणजे त्यांना तेवढा टॅक्स कमी भरावा लागतो. वाटणारी मी!

*

या वाटपासाठी हेड ऑफिसचा वेगळा नोंदणी नंबर लागतो. आमचे मालक आबा काही ऐकेनात.

"तीन युनिटांचे तीन नंबर हायत की! चौथा कशाला? नसती ब्याद!"

मी आठवडाभर हात धुऊन मागं लागले. शेवटी केली सही, पण पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, "मॅडम, तुमच्या भरवशावर करतोय. ह्ये क्रेडिट गेलं, तर त्याच दिवशी तुमी बी घरी!"

मी म्हटलं, "चालेल!"

*

वाटपाची पहिली मीटिंग. सांगवीचे मॅनेजर तात्या मिशीवर हात फिरवत म्हणाले, "तिघं भाऊ, तीन हिस्से. त्यात मीटिंग कसली?"

मी सांगितलं, तसं नाही, गेल्या वर्षी ज्याची विक्री जास्त, त्याला वाटा जास्त.

झालं! हेच तात्या दर वर्षी टार्गेट ठरवायच्या वेळी "धंदाच न्हाय" म्हणून रडायचे. आता उभे राहून म्हणाले, "मग लिवा! सांगवीसारखी विक्री अख्ख्या तालुक्यात न्हाय! तूप पुरत न्हाय आमचं!"

आबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर न हलवता म्हणाले, "व्हय का? मॅडम, तात्यांचं टार्गेट दीडपट करा."

*

अंथुर्ण्याचे मॅनेजर पोपटराव म्हणजे तोफखाना. "आमी काय सावत्र हाय का?" म्हणत महिनाभर भांडले. खरं तर नियमाने त्यांचा वाटा होताच, तो मी दिला. गड्याने अख्ख्या हेड ऑफिसात पेढे वाटले!

मी पेढा खाल्ला आणि मग सांगितलं, "पोपटराव, पशुखाद्यावर टॅक्सच नाही. त्यामुळे हे क्रेडिट तुम्हाला वापरता येणार नाही. आलं तसं सोडून द्यायचं."

पोपटरावांनी पेढ्यांचा रिकामा पुडा चुरगळला. मग म्हणाले, "ह्ये पेढ्याच्या आधी सांगायला काय झालं हुतं?"

*

आणि मग आली नोटीस! टॅक्स ऑफिसच्या साहेबांचं म्हणणं, सिक्युरिटीचं बिल नुसतं कागदावर आहे, शेळगावात पहारेकरी-बिहारेकरी कुणी नाही. क्रेडिट परत करा, वर दंड भरा. आबांचं बोलणं आठवून मी ड्रॉवर आवरायला घेतला.

ती नोटीस मिटवली ती ना मी, ना आमच्या सीएंनी.

सुनावणीत साहेब एकदम उठले. "आत्ता जाऊन बघू. तुम्ही गाडीत बसा, आणि कुणालाही फोन करायचा नाही!"

शेळगावला पोचलो तेव्हा ऐन जेवणाची वेळ. ऊन मी म्हणत होतं. गेटवर कुणीतरी असू दे रे देवा, एवढंच मी म्हणत होते. गेटला साखळी होती, आणि साखळीमागं निळ्या युनिफॉर्ममधल्या एक बाई होत्या. छातीवर नाव, कमल.

"थांबा! हितनं पुढं न्हाय."

"मी टॅक्स ऑफिसचा अधिकारी आहे. गाडीवरची पाटी दिसत नाही?"

"पाटी गाडीची हाय. तुमचं ओळखपत्र दावा."

मी पुढं झाले. "अहो कमलबाई, मी हेड ऑफिसची मॅडम!"

"असाल. मी कवा बगितलं न्हाय. कार्ड?"

माझं कार्ड बारामतीत! कमलबाईंनी मला उन्हातच उभं केलं. आयुष्यात कुणी अडवलं म्हणून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता!

साहेबांनी मुकाट्यानं ओळखपत्र दाखवलं. मग बाईंनी रजिस्टर पुढं सरकवलं. नाव, गाडी नंबर, वेळ, सगळं साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात जरा थबकले आणि लिहिलं, 'गेटवर पहारा आहे किंवा कसे, याची पाहणी.' खाली सही.

कमलबाईंनी बोट ठेवून एक एक अक्षर वाचलं. साखळी काही काढली नाही. म्हणाल्या, "मग आता आत कशाला जायचंय?"