मॅचिंग मास्क

शिराळ्याच्या बाजारातल्या त्या शिवणारीचं नाव मी कधी विचारलं नाही. लहानपणी भाजल्याचा डाग हनुवटीभर होता, म्हणून ती पडद्याआड मशीन चालवायची. गिऱ्हाइकं तिची जाऊ सांभाळायची. करोनात सगळ्या गावाचंच तोंड झाकलं आणि ती पुढं येऊन बसली. ब्लाउजला मॅचिंग मास्क शिवायची. मला म्हणाली, "रोग लय वाईट, पण आवं, आता समदी माझ्यासारखीच दिसत्यात."

पुढं मास्क सुटले. मला वाटलं, ही परत आत जाणार. ब्लाउज टाकायला गेले, तर ती उघड्या तोंडानं पुढंच उभी. एक नवी बाई तिच्या हनुवटीकडं टक लावून बघत होती.

"बघून झालं?" टेप उलगडत ती म्हणाली. "मग हात वर करा, माप घेऊ द्या."