ताप चढला की बहिरी

प्रणालीचा जीव या पोरीनं पार मेटाकुटीला आणला होता. अपेक्षा, वय वर्षं आठ. एरवी कान असे तिखट, की आतल्या खोलीत कुणी तिच्याबद्दल कुजबुजलं तरी ओसरीवरून उत्तर यायचं. पण अंगात ताप चढला की ठार बहिरी. ताप उतरला की कान पुन्हा जागेवर. आता सांगा, असं कुठं असतं का?

शाळेत बसल्या बसल्या ताप चढे, तेव्हा बाई म्हणत, पोरगी उद्धट आहे, हाकेला ओ देत नाही. प्रणालीनंही एकदा वैतागून पाठीत धपाटा घातला. पोरगी नुसती तोंडाकडे पाहत राहिली.

मोर्शीहून अमरावतीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तर यंत्र म्हणे कान उत्तम. दोष दिसणार तरी कसा? सासूबाईंचा, म्हणजे सुंदराबाईंचा, कायदा कडक: अंगात ताप असेपर्यंत लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, देवीचा ताप असला तर देवी कोपते. म्हणजे ताप उतरल्यावर न्यायचं, आणि तेव्हा तर पोरगी ठणठणीत. "ढोंग करून राहिली ते. शाळा नको तिले," सुंदराबाई म्हणायच्या. त्या प्रणालीच्या सख्ख्या आत्या. भावाची लेक हौसेनं सून करून आणलेली. त्यांच्यापुढं ही काय बोलणार?

या भादव्यात पुन्हा ताप आला. प्रणालीनं दोनदा हाक मारली, पोरीनं मान वळवली नाही. खरं काय नि खोटं काय, तिला काही उमजेना. त्याच तिरमिरीत तिनं पोरीला चादरीत गुंडाळलं.

"आत्याबाई, देवी कोपली तं माह्यं नाव सांगजा," म्हणाली आणि एसटीत बसली.

भर तापात तपासणी झाली. कान आवाज घेत होता, पण तो मेंदूपर्यंत पोचत नव्हता. डॉक्टर स्वतःच चमकले. त्यांनी पोरीचं आणि आईबापाचं रक्त तपासायला पाठवलं.

अहवाल आला त्या दिवशी सुंदराबाईही सोबत गेल्या. डॉक्टर म्हणाले, "कानातल्या पेशीत रसायनाच्या इवल्या पिशव्या असतात. आवाज आला की पिशवी पेशीच्या पडद्याशी एकजीव होते, रसायन बाहेर पडतं, मग नसेला निरोप जातो. हे जुळवणारं प्रथिन हिच्यात कच्चं आहे, तापात ते कामच करत नाही. ते बनवणारं बिघडलेलं जनुक आईकडून एक आलं, बापाकडून एक."

"म्हंजे दोन्हीकडून आमच्याच घरातलं?" सुंदराबाईंनी विचारलं.

"यात दोष कुणाचाच नाही. फक्त ताप चढू देऊ नका, आणि शाळेत सांगून ठेवा."

प्रणालीला अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. तेवढ्यात अपेक्षानं तिचा पदर ओढला.

"मंग आई, मी ढोंग नोती करत?"

"नाई वं माय."

"मले तं वाटे, मीच करून राहिली."