बाईचा जबाब, दुसऱ्याच्या तोंडून

ती घटना आठवली नाही असा महिना गेला नाही. मुदतीआधी पोलिसातली नोकरी सोडली, तरी ती घटना मी कोणाला सांगितली नव्हती.

कळंबजवळच्या गावातली तरुण बाई. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही, लिहिणं सहीपुरतं. ब्लाउज शिवायची आणि फोनवर खुणांच्या भाषेत व्हिडिओ टाकायची. मैत्रिणी, गिऱ्हाइकं त्यावरच जोडलेली. कोणीतरी ते व्हिडिओ उचलून, खोट्या खात्यावरून, खाली घाणेरडी वाक्यं टाकत होतं, जणू तीच तसं बोलतेय. नवऱ्याने बजावलं होतं, हे थांबलं नाही तर फोन चुलीत.

पोलीस ठाण्यात तिच्यासोबत दीर आला. ती हात हलवी, तो सांगे, मी लिहून घेई.

"वैनी म्हनतात, शेजारच्या रिक्षावाल्याचं काम हाय."

रिक्षावाल्याला उचलला. दिवसभर बसवला, हातही उगारला.

"सायेब, ती काय बोलते त्येच मला कळत नाय. मी काय लिवणार?"

मला वाटलं, मुरलेला आहे.

आमची महिला हवालदार मात्र दिराकडे बघत होती. हळूच म्हणाली, "साहेब, बाई एवढा वेळ सांगते आणि हा एका वाक्यात उरकतो. बाकीचं जातं कुठं?"

दिराला चहाला पाठवला. दार लोटताच बाईचे हात झपाट्याने चालू लागले. मला काही कळेना. खोपोलीहून कर्णबधिर मुलांच्या शिक्षिका बोलावल्या. त्यांनी विचारलं, "ही पहिल्या दिवसापासून दिराचं नाव सांगतेय. तुम्ही त्यालाच मध्ये बसवलंत?"

दिराचा फोन जप्त केला. खोटं खातं त्यातच होतं.

"वैनी साऱ्या जगाला हात नाचवून दाखवते. गावात आमी तोंड कसं दाखवायचं? वाटलं, लाजंल आन् बंद करंल."

गुन्हा दाखल झाला. बाईचा फोन बाईकडे राहिला. रिक्षावाल्याची माफी मी मागितली नाही. पुढे कर्जत स्टेशनबाहेर दिसला की रस्ता बदलायचो.

नवा जबाब घेताना बाईने विचारलं, पहिल्यात काय लिहिलं होतं? मी वाचत गेलो, शिक्षिका खुणांनी सांगत गेल्या. शेवटची ओळ आली, माझ्याच अक्षरात: "जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे." खाली तिची सही.

शिक्षिकाबाईंनी हात खाली घेतले. "हे तुम्हीच सांगा तिला."

मी तो कागद मिटला आणि नवा पुढे ओढला. संशय घेणं हा आमचा धंदा. पण घरचा माणूस पुढे होऊन काम सोपं करायला लागला, की तो संशय आम्ही खुशाल बाजूला ठेवतो. दिराने फसवलं हे खरं. पण मला ते सोयीचं होतं.