एसिनामनं न घेतलेलं पाकीट

एसिनाम दोत्से जिल्हा सभेवर निवडून आली ती एका गादीपायी.

त्या वर्षी उधाणानं अर्धं लादोकोपे गाव गिळलं. बायका चुली पेटवत होत्या, आणि समुद्र घरात शिरला. परत जाताना भिंती घेऊन गेला. एसिनामचं घर गेलं, नवऱ्याची होडी गेली. पलीकडे खाऱ्या तळ्याच्या काठाला कांद्याचे वाफे होते, तेवढे वाचले. घरं गेलेली माणसं शाळेच्या वर्गांत राहायला गेली. मग राजधानीहून ट्रक आला. तांदूळ, पत्रे, गाद्या. मदत समितीचा प्रमुख सेलोर्म आझियाबा यानं ट्रकसमोर उभं राहून फोटो काढून घेतले. वाटप उद्या करू, परवा करू, असं करता करता ट्रकमधलं सगळंच हवेत विरलं आणि माणसं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर झोपत राहिली.

एसिनाम कांदा घेऊन सीमेजवळच्या बाजाराला गेली, तर तिथं गाद्यांची थप्पी. प्रत्येकीवर सरकारी शिक्का. तिनं विकणाऱ्याशी भांडण काढलं नाही. आलेल्या कांद्याच्या पैशांतून एक गादी विकत घेतली, वडापच्या टपावर बांधली, आणि उतरल्यावर डोक्यावर घेऊन सरळ जिल्हा कचेरीत शिरली. आझियाबाच्या टेबलावरच्या फायलींवर तिनं ती आदळली.

"ही कुणाची?"

आझियाबा हसला. पांढराशुभ्र कोट, सोन्याचं घड्याळ, आवाजात साय. "दावी, हिच्यावर तुझं नाव लिहिलंय का?"

"माझं नाही. सरकारचं लिहिलंय. वाचता येतं ना तुला?"

शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. पण गोष्ट तिच्या आधी गावात पोचली. पुढं सभेची निवडणूक लागली तेव्हा लादोकोपेनं दुसऱ्या कुणाचं नावच घेतलं नाही. आमच्याकडे थोरल्या बहिणीला दावी म्हणतात. त्या दिवसापासून तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही तिला दावीच म्हणायला लागली.

सभेचं काम म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. पगार नाही, बैठकीचा भत्ता मिळाला तर मिळाला. कुणाच्या मयताला मंडप हवा, कुणाच्या पोराची फी थकली, कुणाचं बांधावरून भांडण, सगळे सदस्याच्या दारात. एसिनाम सकाळी वाफ्यांना पाणी घालायची आणि दुपारी ही ओझी वाहायची. सभागृहात तिच्या शेजारी कोसी बसायचा. शाळामास्तर, सडपातळ, जिभेला धार. आझियाबाच्या गाद्यांबद्दल सभेत पहिल्यांदा प्रश्न विचारला तो त्यानंच. एसिनामला वाटायचं, असे दहा कोसी असते तर समुद्रसुद्धा वचकून राहिला असता.

आणि मग राष्ट्रपतींकडून नव्या जिल्हाप्रमुखाचं नाव आलं. सेलोर्म आझियाबा.

नाव वरून येतं, पण सभेच्या दोनतृतीयांश सदस्यांनी होकार दिल्याशिवाय तो खुर्चीवर बसत नाही. एसिनामला वाटलं, सोपं आहे. साऱ्या जिल्ह्याला माहीत असलेला चोर. त्याला कोण मत देणार?

मतदानाच्या आधी सदस्यांना 'विचारविनिमयासाठी' नदीकाठच्या एका गेस्टहाउसवर बोलावलं. गार हवेची बस आली. तिथं बकऱ्याचं सूप, मक्याच्या पिठाच्या आक्प्लेचे गोळे, बर्फात बुडवलेली बियर. जेवणं झाली आणि आझियाबाचा मेहुणा प्रत्येकाच्या मांडीवर एकेक जाड पाकीट ठेवत फिरला, जणू लग्नात पानसुपारी वाटतोय. एसिनामनं तिचं पाकीट उचलून टेबलावर ठेवलं. शेजारी बघते तर कोसीचं पाकीट सदऱ्याच्या आत गेलेलं.

"कोसी!"

"हळू बोल." त्यानं ग्लास तोंडाला लावला. "तूही घे. घेऊन उलटं मत टाक. चोराचं खाल्लं तर पाप लागत नाही."

"आणि उद्या त्यानंच म्हटलं, माझं खाऊन मलाच शिकवतेस, तर कुठल्या तोंडानं बोलू?"

"तोंड! पाच महिने भत्ता नाही, एसिनाम. मयताला जायला पेट्रोल माझं, मंडपाला पैसे माझे. घरी गेलो की बायको म्हणते, 'ऑनरेबल, मीठ संपलंय.' तुझे कांदे आहेत, माझ्याकडे खडू आहेत. खडूची भाजी करू?"

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला.

इतक्यात सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर बायबल घेऊन पाद्री, दुसरीवर जिनची बाटली घेऊन विजेच्या देवाचा म्हातारा पुजारी. जो तो आपापल्या देवासमोर जाऊन शपथ घेत होता की मत आझियाबालाच देईन, नाहीतर माझं वाटोळं होवो. ज्यांच्यावर भरवसा नव्हता त्यांना दोन्हीकडे पाठवत होते.

एसिनामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पाद्र्यासमोर उभी राहिली. "पाद्रीबाबा, लाच घेऊ नका असंही ह्याच पुस्तकात आहे ना?"

पाद्री खाली बघत म्हणाला, "दावी, मला फक्त शपथा द्यायला बोलावलंय."

ती पुजाऱ्याकडे वळली. "आजोबा, आपण चोर पकडायला देवाला बोलावतो. तुम्ही त्याला चोराच्या राखणीला बसवलंत!"

म्हाताऱ्यानं जमिनीवर जिनचा थेंब सांडला आणि पुटपुटला, "गरिबाचा देवही गरीबच असतो, बाई."

ती फाटकातून बाहेर पडली. बसवाला तिला न्यायला तयार नव्हता, साहेबाचा हुकूम नाही म्हणाला. मासळीचा एक ट्रक मिळेपर्यंत ती धुळीतून चालत राहिली. कोसी मागून येईल असं तिला बराच वेळ वाटत होतं. आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कडुलिंबाखाली गाव जमवला आणि झालेलं सगळं सांगितलं. आता लोक पेटतील, असं तिला वाटलं. पण आफी आजी, जिचं घर आता समुद्राला सगळ्यांत जवळ उरलं होतं, तिनं विचारलं, "पाकिटात होतं किती?"

"मी उघडलं नाही."

"टेबलावर ठेवून आलीस? कुणासाठी गं?"

लोक हसले. मागून कुणी म्हणालं, "आणलं असतंस तर शाळेवर पत्रे पडले असते."

एसिनामला वाटलं, कुणी तोंडावर खारं पाणी मारलं. ती ओरडली, "अरे, ते पैसे आले कुठून? त्याच्या बापाची सोन्याची खाण आहे? तुमच्या गाद्या विकल्या, तुमचा तांदूळ विकला, त्यातून आता मला विकत घेतोय! आणि खुर्चीवर बसला की आज वाटलेली सेदीची एकेक नोट समुद्र अडवायला सरकार बांधणार आहे त्या भिंतीच्या पैशांतून काढणार. भिंत होणारच नाही. कळतंय का? पाकिटात तुमची घरं होती!"

"खरं आहे गं," आफी आजी शांतपणे म्हणाली. "पण भिंत आम्हाला कधी दिसायची? पत्रे दिसले असते."

म्हातारी लोभी नव्हती. आयुष्यभर तिला इतकं फसवलं होतं की चोरीतला तुकडा हाच तिला आपला वाटा वाटत होता. आझियाबानं गाद्या नेल्या होत्या ते एसिनामनं कसंतरी पचवलं होतं. त्यानं हेही नेलं होतं, ते तिला पचेना.

मतदानाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी उभी राहिली. "अध्यक्ष महाराज, मतदानाआधी सभागृहानं खिसे उलटे करावेत."

"ऑनरेबल, खाली बसा."

"नदीकाठी बकरा खाल्लेल्यांनी आधी उभं राहावं, मग मी बसते."

गोंधळ उडाला. अध्यक्षांनी टेबल बडवलं. "पुरावा आहे तुमच्याकडे?"

"पुरावा तुमच्याही सदऱ्यात आहे, महाराज!"

रखवालदार तिला बाहेर काढायला निघाले, पण मतदान व्हायचं होतं म्हणून तिला धरून बसवलं. गुप्त मतदान झालं, मोजणी झाली आणि सभागृह गार पडलं. आझियाबाला दोन मतं कमी पडली होती. पाकीट घेऊन उलटं मत टाकणारा कोसी एकटा नव्हता तर.

पुढं जे झालं ते जिल्हा अजून चघळतो. आझियाबा फाटकात आडवा उभा राहिला. कोट काढून फेकला, आवाजातली साय फाटली. "माझे पैसे परत टाका! बायबलवर हात ठेवून खाल्लेत! एकेकाचं नाव घेऊ?" रेडिओचा माणूस त्याच्या तोंडासमोर माइक धरून उभा. सदस्य मागच्या कुंपणावरून उड्या मारत होते. एकाची चप्पल काटेरी तारेत अडकली, ती तिथंच सोडून तो पळाला. एका सदस्यबाईनं पर्समधून पाकीट काढून आझियाबाच्या अंगावर भिरकावलं. "घे! त्यातलं एक जेवण कमी आहे!"

गर्दी पोट धरधरून हसत होती. एसिनामही हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग तिचं लक्ष गेलं, फाटकापाशी पोलीस अधिकारीही हसत उभा होता.

ती त्याच्यापाशी गेली. "साहेब, ऐकलंत ना? देणारा स्वतःच्या तोंडानं ओरडतोय. धरा त्याला."

अधिकाऱ्यानं डोळे पुसले. "तक्रार कुणाची आहे?"

"माझी."

"तुझे पैसे गेलेत का?"

"नाही."

"मग? पैसे त्याचे गेलेत. तक्रार त्यानं करायला हवी." आणि आपल्याच विनोदावर तो पुन्हा हसला.

त्या क्षणी एसिनामचं हसू जे आटलं ते आटलंच. ह्या सगळ्यांना हा तमाशा वाटत होता, आणि तमाशा संपला की माणूस घरी जातो.

कायद्यानं दहा दिवसांत दुसरं मतदान होतं. मधल्या दिवसांत कुणी पुन्हा पाकिटं वाटली, कुणी शपथा मोडणाऱ्यावर वीज पडते याची आठवण करून दिली. ह्या खेपेला हुकूम होता की मतपत्रिकेवर अंगठा उठवलात की मोबाइलवर तिचा फोटो काढायचा आणि दाखवायचा. सदस्य एकेक करून पडद्याआड जात, आणि आतून फोनचा बारीक 'चिक' ऐकू येई. अध्यक्ष छताकडे बघत बसले होते.

निकाल वाचला. विरोधात एक मत.

गुप्त मतदान होतं, तरी अख्खं सभागृह वळून एसिनामकडे बघायला लागलं. एक कोसी तेवढा समोर बघत राहिला.

महिन्याभरात शिस्त समिती बसली. कुणाची चौकशी? एसिनामची. सभागृहाची बदनामी केली म्हणून तिला सहा महिने निलंबित केलं. फाटकात पैसे परत मागणारा माणूस त्याच कागदावर जिल्हाप्रमुख म्हणून सही करत होता.

कोसी एकदा वाफ्यांवर आला. ती झारीनं पाणी घालत होती. त्यानं दुसरी झारी उचलली आणि विहिरीत बुडवली. ती जवळ गेली आणि झारी त्याच्या हातातून काढून घेतली.

"मला बोल काहीतरी," तो म्हणाला.

"मी कशाला बोलू? तुझ्या गावात जा, झाडाखाली उभा राहा, आणि पाकीट घेऊन मत विकलं ते त्यांना सांग."

"ते मला फाडून खातील."

"नाही खाणार," एसिनाम कडवट म्हणाली. "किती होते, एवढंच विचारतील."

तो निघून गेला. झाडाखाली तो कधीच उभा राहिला नाही. पुढच्या वर्षी त्याच्या घराला विटांचं कुंपण आलं. दोघांची पुन्हा कधी मैत्री झाली नाही, आणि एसिनामला तो सगळ्या चोरांपेक्षा जास्त सलत राहिला, कारण तो चोर नव्हता.

समुद्राच्या भिंतीची कोनशिला आझियाबानं बसवली. बँड वाजला, शीतपेयं वाटली. मग वाळूवर दगडांचा एक ढीग पडला आणि कंत्राटदार दिसेनासा झाला. पुढच्या उधाणात लाटा त्या ढिगाला वळसा घालून आल्या आणि आफी आजीचं घर घेऊन गेल्या. म्हातारी एक गाठोडं घेऊन एसिनामच्या नव्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"घाल मला शिव्या," ती म्हणाली. "माझा हक्क आहे त्यांच्यावर."

"आत ये, आजी. तुला शिव्या देऊन माझा राग वाया घालवायचा नाहीये मला."

म्हातारी आत आली. संध्याकाळी दोघी भेंडीचं सूप खात बसल्या असताना ती एकदम म्हणाली, "तू त्याला सोडू नकोस गं." एवढंच. पण निवडणूक लागली तेव्हा हीच म्हातारी काठी टेकत घरोघर गेली. एसिनामच्या विरोधात उभा राहिलेला माणूस तांदूळ वाटत होता. लोकांनी तांदूळ घेतला. ती थोडक्यात वाचली, इतकी थोडक्यात की तिला आनंद करावासा वाटेना.

अजून ती सभेवर आहे. तिच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. चहाच्या सुट्टीत माणसं तिला बघून आवाज खाली करतात. दर बैठकीला ती उभी राहते आणि विचारते, "अध्यक्ष महाराज, भिंतीचे पैसे कुठं गेले?" अध्यक्ष म्हणतात, "लेखी उत्तर मिळेल." ती म्हणते, "मागच्या वेळीही हेच म्हणालात." अध्यक्ष म्हणतात, "ऑनरेबल, खाली बसा."

ती बसत नाही. पुढचा विषय वाचला जातो, त्याच्यावर चर्चा होते, हात वर होतात, आणि एवढ्या सगळ्या बसलेल्या माणसांत ती एकटी उभी असते.