खंडेरावांच्या नावाचा जप

लंकामावशी पोळी लाटताना बोलत नसत.

इंदिरानगरमधल्या पोळी-भाजी केंद्रात मी फोनवर ऑर्डर घेते आणि डबे भरते. मराठी घेऊन एम.ए. केलं, त्यानंतर जे काम मिळालं ते हे. पहिल्या दिवशी मी मावशींना विचारलं, मीठ कुठे आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी पोळी लाटली, तव्यावर टाकली आणि मग लाटण्यानेच बरणी दाखवली. मला वाटलं, बाई खडूस आहे.

केंद्र पूजाताईंचं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मावशींचा जप चालू असतो. उंडा लाटताना श्रीराम. तेल लावून घडी घालताना जयराम. पुन्हा लाटताना जय जय राम. नाव पूर्ण झालं की पोळी तव्यावर. मधे बोललं तर ते नाव मोडतं आणि पोळीही वाया गेली असं त्या धरतात. अशी मोडलेली पोळी त्या डब्यात भरू देत नाहीत, स्वतः खातात. दिवसाला साडेतीनशे पोळ्या. मावशींकडे माळ नव्हती. लागतच नव्हती.

दुपारी दोननंतर तवे उतरले की मात्र त्या बोलत. भरपूर बोलत. आमची मैत्री दोन ते चार या वेळात झाली. त्या बावन्न वर्षांच्या, मी पंचवीसची.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्याने त्यांना नाशिकच्या द्वारका चौकात एसटीतून उतरवलं. पाणी पिऊन ये म्हणाला. त्या पाणी पिऊन आल्या तेव्हा गाडी निघून गेली होती. ट्रंक तेवढी खाली ठेवलेली होती. त्यांचा थोरला भाऊ खंडेराव तेव्हा द्वारकेलाच टेम्पो लावायचा. त्याने बहिणीला ट्रंकेवर बसलेलं पाहिलं, ट्रंक टेम्पोत टाकली आणि म्हणाला, बस पुढं. त्यानंतर तीस वर्षांत त्याने एकदाही विचारलं नाही की तू परत कधी जाणार.

खंडेरावांनी लग्न केलं नाही. का, ते मी एकदा त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "घरात एक बाई हाय की ओरडायला. दुसरी कशाला?"

मावशींच्या गुरुमहाराजांवर त्यांचा विश्वास नव्हता. महाराजांचा आश्रम घोटीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. पौषात त्यांचा वाढदिवस. त्या दिवसासाठी इंदिरानगरहून पायी दिंडी निघते, दोन दिवस चालते, नामघोष करत पोचते. मावशी बावीस वर्षं दिंडीत जात होत्या. निघताना दरवर्षी खंडेराव म्हणत, "म्हाताऱ्याला सांग, टेम्पोचा क्लच गेलाय." मावशी चिडत. आणि दरवर्षी महाराजांच्या पाया पडताना मनात क्लचचंही सांगून येत. हे त्यांनीच मला सांगितलं.

त्या आश्रमाची एक रीत आहे. वाढदिवसाच्या सकाळी सगळे भक्त ओळीने बसतात. प्रत्येकापुढे ताम्हन असतं. वर्षभर केलेला जप कोणासाठी, ते म्हणायचं आणि ओंजळीतलं पाणी ताम्हनात सोडायचं. पाणी सुटलं की जप त्या माणसाचा झाला. बहुतेक सगळे सद्गुरूंच्या आयुष्यासाठी देतात. पण दुसरं कोणाचंही नाव घेता येतं. मावशींना हे एकवीस वर्षं माहीत नव्हतं. बाविसाव्या वर्षी शेजारच्या बाईने नातवाचं नाव घेतलेलं त्यांनी ऐकलं. स्वतःचं पाणी त्यांनी तोवर सोडलं होतं.

त्याच महिन्यात खंडेरावांच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं होतं.

मावशी घोटीहून परत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पोळी खंडेरावांची झाली. त्यांना सांगितलं नाही. ते हसले असते. चैत्रात मी केंद्रात लागले आणि दोन-तीन महिन्यांनी मला सांगितलं.

"वर्षभर सगळा दादाचा," त्या म्हणाल्या. "पौषात पाणी सोडलं की पोचलं."

आठवड्यातून तीनदा खंडेराव डायलिसिसला जात. टेम्पो विकला होता. रिक्षाने जात, रिक्षावाल्याला गाडी कशी चालवायची ते शिकवत. दिवाळीत डॉक्टरांनी मावशींना खोलीत बोलावलं. सोबत मी होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार दिवस धरू नका. मावशींनी विचारलं, पौषापर्यंत? डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, सांगता येत नाही. मावशी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, पौषापर्यंत नाय म्हणाले नाहीत.

मार्गशीर्ष गेला. खंडेराव होते. पाय सुजलेले, आवाज बारीक. पण होते.

त्या वर्षी मावशींनी मला दिंडीला सोबत नेलं. मी भक्त नाही. त्यांना कोणीतरी आठवण करून द्यायला हवं होतं. त्यांना स्वतःच्या जिभेची भीती वाटत होती. बावीस वर्षं एकच वाक्य म्हणलंय, त्या म्हणाल्या. पाथर्डी फाट्यापासून त्या मला नवं वाक्य म्हणून दाखवू लागल्या. माझा भाऊ खंडेराव याच्या आयुष्यासाठी. विल्होळीला म्हणून दाखवलं. वाडीवऱ्ह्याच्या शाळेत मुक्काम होता, तिथे जेवताना म्हणून दाखवलं. गोंद्याला ट्रकच्या आवाजात ओरडून म्हणून दाखवलं. एकदाही चुकल्या नाहीत. मी म्हणाले, मावशी, पाठ झालं, आता पुरे. त्या म्हणाल्या, पाठ ते दुसरंच हाय गं.

टाळ, झेंडे, नामघोष, पायांना फोड. रस्त्यात लोक चहा देत होते. दिंडीतल्या सगळ्यांच्या शिदोरीत आमच्याच केंद्राच्या पोळ्या होत्या. लोक म्हणत, लंकाबाई, तुमची पोळी दोन दिवस मऊ राहते. मावशी खूश होत्या. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घोटी ओलांडल्यावर भाताची खाचरं लागली. कापणी होऊन गेलेली, नुसती खोडं उरलेली. त्या त्यातून चालत होत्या आणि ओठ हलत होते.

सकाळी मंडपात बसताना एका सेवेकऱ्याने मला अडवलं. अनुग्रह घेतलाय का? नाही म्हणाले. मग मागे बसा. मी मावशींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, बस मागं, मला पाठ हाय.

मी चार ओळी मागे बसले.

तरुण गुरुजी होते. त्यांनी माईकवरून स्पष्ट सांगितलं, ज्यांना दुसरं नाव घ्यायचंय त्यांनी ते घ्यावं. बाकीच्यांनी माझ्यामागे म्हणावं. मग त्यांनी म्हणायला सुरुवात केली. हजार-बाराशे माणसं एका आवाजात म्हणाली, सद्गुरूंच्या आयुष्यासाठी. त्या आवाजाने मंडपाचं कापड हललं असं मला वाटलं. मग पाण्याचा आवाज आला. हजार ओंजळींतून पाणी पडल्याचा.

मावशींनी वळून माझ्याकडे बघितलं.

मी हसले. अंगठा वर करून दाखवला.

त्या बघतच राहिल्या. मी पुन्हा अंगठा दाखवला.

मी जवळ गेले तेव्हा त्या ताम्हनात बघत होत्या. उजवा हात अजून पुढेच होता, ओला.

"त्यांच्या संगं म्हणून गेले," त्या म्हणाल्या. "तोंडातून निघून गेलं."

मी त्यांना गुरुजींकडे नेलं. गुरुजी माझ्याहून लहान असतील. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, काकू, दिलेलं परत घेता येत नाही. पण सद्गुरूंना दिलं म्हणजे सगळ्यांना पोचलं, तुमच्या भावालाही. मावशींनी मान हलवली. मग मला हळूच म्हणाल्या, तसं आसतं तर येगळं नाव घ्यायची रीत कशाला ठेवली आसती?

 

दर्शनाची रांग अडीच तासांची होती. मावशी उभ्या राहिल्या. महाराज त्या दिवशी नव्वद वर्षांचे झाले. खुर्चीत बसवलं होतं, अंगावर शाल, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नव्हती. डोळे मिटलेले. लोक पाया पडत होते आणि पुढे सरकत होते. मावशी वाकल्या आणि उठल्याच नाहीत. खालूनच बोलल्या.

"महाराज, यंदाचं माझ्या भावाचं व्हतं. चुकून तुमच्याकडं आलं. तेवढं द्या मला परत."

सेवेकरी पुढे झाला. महाराजांनी हात वर केला, तो थांबला. त्यांनी डोळे उघडले होते. मी अगदी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं.

"किती घालता माझ्या पदरात," महाराज म्हणाले. "मला नको आता, बाई. मला पुरे झालं."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. सेवेकरी म्हणाला, महाराज थकलेत, पुढे चला. मावशींच्या हातात सुंठवड्याची पुडी आली. आम्ही पुढे गेलो.

परतताना एका भक्ताच्या जीपमध्ये जागा मिळाली. नाशिकपर्यंत मावशी एकच वाक्य बोलल्या. गोंद्याच्या जवळ. "त्यांनाबी नको व्हतं."

खंडेराव दारात खुर्ची टाकून बसले होते. क्लचचं काय झालं, म्हणाले. टेम्पो विकून आठ महिने झाले होते. मावशी त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. वर्षभराच्या पोळ्या, पाणी, चुकलेलं नाव. मला वाटलं, ते हसतील. ते बहिणीच्या हाताकडे बघत होते.

"वर्षभर?" त्यांनी विचारलं.

मावशींनी मान हलवली.

"लंके, मला आधी सांगायचं ना," ते म्हणाले. "मी जरा जास्त खाल्ल्या असत्या." मग सुंठवड्याची चिमूट तोंडात टाकली. "म्हाताऱ्याला निरोप धाड. वापरून उरलं तर इकडं पाठव म्हणावं."

मावशी हसल्या नाहीत. मी हसले. मला अजून त्याची लाज वाटते.

सव्वीस दिवसांनी, मंगळवारी दुपारी, डायलिसिसला नंबर लागायची वाट बघताना खंडेराव बाकावरच गेले. फोन केंद्राच्या नंबरवर आला. तो मीच उचलला. मावशींसमोर पोळी अर्धी लाटलेली होती. मी जवळ जाऊन सांगितलं. त्यांनी घडी घातली. पुन्हा लाटली. तव्यावर टाकली, दोन्ही बाजूंनी भाजली, उतरवली. गॅस बंद केला. मग पदराला हात पुसले.

ती पोळी त्यांनी माझ्या हातात दिली. "ही डब्यात घालू नको," म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं. पुष्कळदा समजावलं. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं, मावशी. हृदय थकलं होतं. त्यात तुमचं काही नाही. त्या शांतपणे ऐकून घेत. एकदा म्हणाल्या, "दिवाळीत सांगितलं तवा माझा नऊ महिन्यांचा जप झाला व्हता. त्यावरच चालला व्हता दादा. मी तो काढून दुसऱ्याला दिला. सव्वीस दिवस कसे निघाले, तेच कळत नाय."

मी पाच वर्षं साहित्य शिकले. या बोलण्याला फट सापडली नाही. मी त्यांच्यापेक्षा जास्त शहाणी असेन, पण मी अंगठा वर केला होता.

यंदा पुन्हा पौष आला. दिंडीतल्या तीन बायका केंद्रावर आल्या. लंकाबाई, तेविसावं वर्ष झालं, चोविसावं चुकवू नका, म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, यंदा माझ्याकडं द्यायला काय नाय. बायकांना वाटलं, तब्येत बरी नाही म्हणून जप कमी झाला असेल. एक म्हणाली, असेल तेवढा द्या. मावशी म्हणाल्या, तसं नव्हं, मी केलाच नाय. बायका एकमेकींकडे बघून गेल्या. शिदोरीची ऑर्डर मात्र दिली. चारशे पोळ्या, नेहमीसारख्या.

काल त्या चारशे पोळ्या झाल्या. मावशींनी एकटीने केल्या. मी डबे भरत होते. पोळ्या मऊच होत्या. वाटेत खाणाऱ्यांना काही कळणार नाही.

मावशी आता पोळी लाटताना बोलतात. पीठ सैल झालंय म्हणतात, खिडकी लाव म्हणतात, शेजारच्या दुकानात कोण भांडतंय ते विचारतात. मी शक्य तेवढी उत्तरं देते. कालही त्या बोलत होत्या. उंडा लाटताना विचारलं, "महाराजांना कितवं लागलं गं?"

एक्याण्णव, मी म्हणाले.

"बरं हाय का त्यांचं?"

दिंडीच्या बायकांनी सांगितलेलं मी सांगितलं. आता झोपूनच असतात. कोणाला ओळखत नाहीत. बोलणं बंद झालंय. डॉक्टरांनाही आश्चर्य वाटतं म्हणे.

मावशींनी घडी घातली, पुन्हा लाटली, पोळी तव्यावर टाकली. तिला फुगे यायला लागले, तिकडे बघत राहिल्या.

"माझंच चालू आसंल अजून," त्या म्हणाल्या.

मग पोळी उलटली आणि मला म्हणाल्या, पीठ संपत आलंय, मळायला घे.