लोवेलने न दिलेलं नाव

लोवेल स्टिल्टनरने वेस्ट व्हर्जिनियातल्या एका खाणीत बत्तीस वर्षं, छत कोसळू नये म्हणून, त्याला बोल्ट मारले. कोळशाचा थर जेमतेम कमरेएवढा, त्यामुळे सगळं काम गुडघ्यांवर. दर चार फुटांवर एक बोल्ट, आणि त्याचा एकही बोल्ट कधी सैल निघाला नाही. निवृत्त झाल्यावरही तो मापात राहायचा. सकाळी लाकडं फोडायची, मग दोन घरं सोडून राहणाऱ्या एस्टिल मलिन्सकडे जाऊन त्याची शेगडी पेटवून द्यायची. एस्टिल त्याचा खाणीतला जोडीदार. आता नाकात ऑक्सिजनची नळी, आणि खुर्चीपासून दारापर्यंत जायला दोन विसावे.

त्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्षांनी खाण-सुरक्षा खात्याच्या प्रमुखपदासाठी वेंडेल प्रॅटरचं नाव सुचवलं. वेंडेल एके काळी या दोघांचा फोरमन. पुढे कंपनीत वर चढत गेला. गावाला अभिमान वाटला. चर्चबाहेर त्याच्यासाठी फलक लागला.

नाव सुचवलं की लगेच खुर्ची मिळत नाही. आधी माणसाची चौकशी होते, मग सेनेटची समिती त्याला समोर बसवून प्रश्न विचारते, मग सगळी सेनेट मत देते. चौकशीला सरकारकडून एक बाई लोवेलकडे आली. रीटाने, त्याच्या बायकोने, कॉफी आणि मक्याचा पाव पुढे केला. बाईने पावाला हात लावला नाही. तिने सरळ विचारलं, वेंडेल प्रॅटर भरवशाचा माणूस आहे का, त्याच्याविरुद्ध काही ठाऊक आहे का.

लोवेलला ठाऊक होतं. धूळ मोजायचा पंप पाळीभर कामगाराच्या पट्ट्याला लावायचा असतो, नळीचं तोंड कॉलरपाशी. त्यावरून सरकारला कळतं की माणूस किती धूळ गिळतो. वेंडेल सांगायचा, पंप जेवणाच्या जागेत टांगा, तिथे ताजी हवा येते. टांगायचा लोवेल, स्वतःचा आणि एस्टिलचाही. एस्टिल कुरकुरायचा, तेव्हा लोवेलच म्हणायचा, धूळ जास्त दिसून खाण बंद पडली तर खाशील काय? आठ तासांनी पंपातली धूळ पकडणारी जाळी पांढरीच्या पांढरी निघायची. बत्तीस वर्षांत एवढंच काम त्याने खोटं केलं, आणि त्याला मेहनत शून्य लागली.

"चांगला माणूस आहे," लोवेल म्हणाला.

बाईने लिहून घेतलं. "त्यांच्या हाताखाली काम केलेलं आणखी कोणी आहे का जवळपास? मला एखादं नाव हवंय."

खिडकीतून एस्टिलचं धुराडं दिसत होतं.

"नाही. बाकीचे गेले," लोवेल म्हणाला.

रीटाने त्याच्याकडे पाहिलं आणि कप उचलून आत गेली. त्या दिवशी ती त्याच्याशी फक्त जेवणापुरतं बोलली.

लोवेलने मनाची समजूत घातली की समितीत मोठे वकील बसतात, ते खोदून काढतीलच. समितीची बैठक त्याने एस्टिलच्या घरी टीव्हीवर पाहिली. प्रत्येक सेनेटरला पाच मिनिटं. एकाने आपल्या राज्यातल्या पुलाचं विचारलं, दुसऱ्याने वेंडेलच्या आईचं कौतुक केलं. तिसरा म्हणाला, चौकशीत काहीच वावगं आढळलं नाही, म्हणून जास्त वेळ घेत नाही.  ते 'काहीच नाही' म्हणजे लोवेलचंच बोलणं होतं.

"या बुवाबद्दल मला विचारायला का येत नाही कुणी?" एस्टिल थांबत थांबत म्हणाला. "मी दाखवलं असतं, ताजी हवा कुठे असते ते."

लोवेल शेगडीत लाकूड सारत बसला.

मतदानाआधी त्याने एकदा आपल्या राज्याच्या सेनेटरच्या कार्यालयात फोन लावला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, एका सेनेटरने अडवलं तरी नावावरचं मतदान लांबतं. पलीकडच्या मुलीने विचारलं, नावाला पाठिंबा की विरोध? एक शब्द हवा होता. विरोध म्हटलं तर ती कारण विचारणार, आणि कारणात त्याचे हात येणार. त्याने फोन ठेवला.

नोव्हेंबरात चाळीसेक नावांची एकच यादी सेनेटपुढे आली, एकच मतदान झालं. वेंडेलचं नाव धड उच्चारलंही गेलं नाही. एस्टिलने टीव्ही बंद केला.

"झाला म्हणायचा प्रमुख," तो म्हणाला. "आपल्या गावात चौकशीला कुणी फिरकलंच नसेल."

"आली होती बाई. माझ्याकडे," लोवेल म्हणाला. "आणखी कोण आहे, असं विचारलं. मी तुझं नाव दिलं नाही."



"मी पंपाचं सांगितलं असतं," एस्टिल म्हणाला.

"माहीत आहे."

"तो कुणी टांगला तेही सांगितलं असतं."

"म्हणूनच दिलं नाही."

एस्टिलने श्वास गोळा केला. "खोकला मला आहे, लोवेल. बोलायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं."

लोवेलने टोपी उचलली. उद्या किती वाजता येऊ, असं त्याने दारातून विचारलं.

"माझी पोरगी पेटवेल शेगडी," एस्टिल म्हणाला.

दोन घरांचं अंतर लोवेल रोज मिनिटात कापायचा. त्या दिवशी तो मधल्या कुंपणाला धरून उभा राहिला. घरात रीटा होती, आणि तिला सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं. तिला सगळं ती बाई आली त्याच दिवशी कळलं होतं.